पंचगंगेला कारखान्याच्या सभेत जागा आहे का?

धागाकर्ता : करवीरकाठ

उद्योगाचे हितधारक कोण, असे विचारले तर आपण भागधारक, कामगार, ग्राहक, पुरवठादार, कर्ज देणारी बँक आणि आसपासची वस्ती एवढ्यांची नावे घेऊन थांबतो. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये दिलेली व्याख्या आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवली जाते. संस्थेच्या उद्दिष्टपूर्तीवर जो परिणाम करू शकतो, किंवा त्या उद्दिष्टपूर्तीचा ज्याच्यावर परिणाम होतो, असा कोणताही गट किंवा व्यक्ती तिच्यानुसार हितधारक ठरते. ही कसोटी आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगा नदीला लावून पाहावी, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे.

परिणामाच्या दोन्ही बाजू इथे उघड आहेत. भोगावती, कुंभी, कासारी आणि तुळशी या उपनद्यांचे पाणी आले नाही तर ऊस उभा राहत नाही आणि गाळप सुरू होत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेले, धोक्याची पातळी तिथे ४३ फूट आहे, आणि त्या काळात शिरोलीजवळचा महामार्ग बंद पडून सारा व्यवहार ठप्प झाला होता. उलट दिशेने पाहिले तर साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी, कापड प्रक्रियेतले रंगाचे पाणी आणि शहरांचे मैलापाणी या नदीत जाते हे शालेय विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे. म्हणजे परिणाम करणारी आणि परिणाम सोसणारी, अशा दोन्ही नात्यांनी नदी व्याख्येत बसते. अडचण फक्त ‘गट किंवा व्यक्ती’ या शब्दांपाशी येते. मार्क स्टारिक यांनी १९९५ मध्ये, निसर्गालाही हितधारकाचे स्थान द्यावे, असा प्रबंध मांडला. पुढे २००० मध्ये रॉबर्ट फिलिप्स आणि जोएल रायकार्ट यांनी तो नाकारला आणि हे स्थान माणसांपुरतेच राहावे असे म्हटले.

मी स्टारिक यांच्या बाजूचा आहे. नदीचे हित गावकरी, शासन किंवा ग्राहक यांच्यामार्फत पाहिले जाईलच, असे आपण गृहीत धरतो, पण तसे धरले की नदीच्या हानीपैकी फक्त माणसाला जाणवणारा भागच निर्णयापर्यंत पोहोचतो. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच दिसला की बातमी येते, पंचनामा होतो आणि नमुने घेतले जातात. मात्र मासे मरण्याच्या कितीतरी आधी तळाच्या गाळातले किडे, अळ्या आणि शिंपले नाहीसे झालेले असतात. त्यांच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण त्यांच्यावाचून कोणाचे अडलेले नसते. ज्याचे नाव यादीतच नाही त्याचे नुकसान ताळेबंद मांडतानाही आठवत नाही.

चर्चा या एका प्रश्नाभोवतीच राहावी, ही विनंती.


टाउनहॉल

करवीरकाठ, आपण प्रश्न नेमका मांडला आहे. मी व्यवस्थापनशास्त्र शिकवतो, आणि माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. निसर्ग गौण आहे म्हणून मी हे म्हणत नाही.

फिलिप्स आणि रायकार्ट यांचा युक्तिवाद न्याय्य व्यवहाराच्या तत्त्वावर उभा आहे. काही लोक स्वेच्छेने एकत्र येतात, एकमेकांच्या सहकार्याचा लाभ घेतात, आणि त्या लाभातून परस्परांविषयी बांधीलकी निर्माण होते. ऊसउत्पादक ऊस घालतो आणि दर मागतो, कामगार श्रम देतो आणि वेतन मागतो. नदी कोणताही करार करत नाही, काही स्वीकारत नाही आणि काही परतही मागत नाही. तिच्याविषयी आपले कर्तव्य असू शकते, किंबहुना आहेच, पण ते या देवाणघेवाणीतून जन्मलेले नाही.

याहून गंभीर आक्षेप एरिक ऑर्ट्स आणि ॲलन स्ट्रडलर यांनी २००२ मध्ये हितधारक सिद्धांताच्या मर्यादा दाखवताना घेतला आहे. हितधारकांची हिते एकमेकांशी तोलायची असतात. कामगारांना थोडे कमी, भागधारकांना थोडे अधिक, ग्राहकाला थोडी सवलत, अशी तडजोड हाच या विचाराचा गाभा आहे. नदीला या रांगेत बसवले की तीही तोलली जाणार. पाण्यात मासे आणि जलचर जगायचे असतील तर विरघळलेला प्राणवायू लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. यंदा साखरेचे भाव पडले आहेत म्हणून ३ वर भागवू, अशी बोलणी माशांशी करता येत नाहीत. निसर्गाला वाटाघाटीचा पक्ष मानण्यापेक्षा वाटाघाटीच्या भोवतीची हद्द मानणे अधिक सुरक्षित आहे.


सातबारा

वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६६(२) नुसार संचालकाने सभासदांच्या सामायिक लाभासाठी कंपनीची उद्दिष्टे पुढे न्यावीत, आणि कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक व समाज यांच्या हितासाठी आणि पर्यावरणाच्या रक्षणासाठी सद्भावनेने वागावे. म्हणजे कर्मचारी आणि समाज यांच्याच वाक्यात पर्यावरणाला बसवले गेले आहे. मात्र केंद्राने २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची जी नऊ तत्त्वे जाहीर केली, त्यांत सर्व हितधारकांच्या हिताचा आदर हे चौथे तत्त्व आहे आणि पर्यावरणाचे रक्षण व पुनरुज्जीवन हे सहावे. तिथे निसर्ग हितधारकांच्या यादीबाहेर, पण स्वतंत्र कर्तव्य म्हणून उभा आहे. आपल्याच देशात दोन्ही भूमिका अधिकृत कागदावर आहेत, असे म्हणावे लागेल.

अंमलबजावणीकडे पाहिले की चित्र बदलते. कलम २४५ खालील सामूहिक दावा सभासद आणि ठेवीदार करू शकतात. पर्यावरणाच्या वतीने कलम १६६ चा आधार घेऊन कोण उभे राहणार, याचे सरळ उत्तर कायद्यात नाही. हरित न्यायाधिकरणाचा दरवाजा २०१० च्या कायद्याने उघडा आहे, परंतु तो बहुतेकदा हानी झाल्यानंतर ठोठावला जातो, आणि संचालकांच्या खोलीत निर्णय होतो तेव्हा तिथे नदीची बाजू मांडणारे कोणीही नसते.

कोल्हापूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या जिल्ह्यातले बहुतेक मोठे साखर कारखाने सहकारी आहेत. त्यांना कंपनी कायदा लागू नाही, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू आहे. जल कायदा, १९७४ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र त्यांनाही बांधून ठेवते, पण संचालकाच्या कर्तव्याची जी भाषा खासगी कंपनीला लागू होते ती आपल्या कारखान्याला त्या कलमाने लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेने १९९५ मध्ये सहकाराच्या तत्त्वांत सातव्याची भर घातली, समाजाविषयी आस्था, आणि त्यात आपल्या परिसराच्या शाश्वत विकासासाठी सभासदांनी मान्य केलेल्या धोरणांद्वारे काम करावे असे म्हटले आहे. शेवटी गोष्ट सभासदांवर येऊन ठेपते.


ओतशाळा

शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी छोटी फाउंड्री आहे. अनुभवावरून एवढेच सांगतो की ज्याच्याकडे माझी ऑर्डर थांबवण्याची ताकद आहे त्याचे म्हणणे मी त्याच दिवशी ऐकतो. मिचेल, एगल आणि वुड यांनी १९९७ मध्ये हितधारकाचे वजन सामर्थ्य, वैधता आणि तातडी यांवर ठरते असे मांडल्याचे माझ्या मुलाच्या एमबीएच्या टिपणांत वाचले, आणि ते मला पटले.

साच्यातून निघालेली काळी वाळू हे आमच्याकडचे उदाहरण. नवी सिलिका वाळू घ्यायची आणि जुनी कुठेतरी खड्ड्यात नेऊन टाकायची, हा हिशेब वर्षानुवर्षे स्वस्त दिसला, कारण टाकलेल्या वाळूची किंमत कोणाच्याच कॉस्ट शीटमध्ये नव्हती. वाळूचे कण धरून ठेवणारे बाइंडर घासून किंवा भाजून काढले की तीच वाळू पुन्हा वापरता येते, पण यंत्रणा एकट्या लहान उद्योजकाला पेलत नाही, सामायिक केंद्र लागते. वाहन कंपन्यांनी पुरवठादारांकडे पर्यावरणाची कागदपत्रे मागायला सुरुवात केली तेव्हा मात्र हा विषय आमच्या बैठकांत एकदम वर आला. जमिनीने मागून जे मिळाले नाही ते ग्राहकाने मागितल्यावर मिळाले, याचे मला वाईट वाटते, पण घडले ते असे. त्यामुळे यादीत नाव घालण्याला माझा विरोध नाही, फक्त त्या नावामागे खर्चाची एक ओळ नसेल तर ते नाव कोणी वाचणार नाही.


शिरोळचा सभासद

मी नदीच्या खालच्या अंगाला राहतो. कारखान्याचा सभासद आहे, ऊसउत्पादक आहे, आणि याच नदीचे पाणी माझ्या गावाला येते. वरच्या चर्चेत ‘नदीचे हित गावकऱ्यांमार्फत पाहिले जाईल’ असे गृहीत धरण्याचा उल्लेख आला. ज्याच्यामार्फत पाहायचे तो गावकरी मीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नदीची धार बारीक होते. बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असतात, पाणी साठून राहते, त्यात वरून आलेले सांडपाणी मुरते, आणि वरचे बरगे काढले की ते सगळे एकदम आमच्याकडे येते. मासे तडफडून वर येतात ते त्याच सुमारास. पाण्याला उग्र वास सुटतो, जनावरे तोंड लावत नाहीत. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली, ते दिवस या भागातला कोणी विसरलेला नाही.

असे असूनही, त्याच मार्चमध्ये सांडपाणी शुद्धीकरण बिघडले म्हणून कारखाना बंद ठेवण्याचा आदेश निघाला, तर त्याला पहिला विरोध मी करेन. माझा ऊस शेतात उभा असतो, तोड आधीच लांबलेली असते, एकेका दिवसाने वजन घटते, ऊसतोडणीची टोळी दुसरीकडे निघून जाते, आणि सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर भरायचे असते. मी दुष्ट आहे म्हणून असे होत नाही. एकाच माणसात सभासद, ऊसउत्पादक आणि पाणी पिणारा असे तिघे राहतात, आणि गाळपाच्या दिवसांत तिसऱ्याचा आवाज सर्वांत आधी दबतो. शिवाय आमच्या तालुक्यातली क्षारपड जमीन काही कारखान्याने केलेली नाही, ती आम्हीच बेसुमार पाणी आणि खते देऊन केली आहे. त्या खताचा निचराही नदीतच जातो.

म्हणून नदीचा प्रतिनिधी म्हणून माझी नेमणूक कोणी करू नये. माझे आणि नदीचे हित वर्षातले बरेच महिने एक असते, पण ज्या महिन्यांत तिला सर्वाधिक गरज असते नेमके त्या महिन्यांत ते एक नसते. टाउनहॉल सर म्हणतात तशी हद्द कागदावर आजही आहे, आणि ती मोडली जाते तेव्हा मोडणाऱ्यांच्या बाजूने आमच्यासारखे हजारो सभासद उभे असतात.


सड्यावरची

शिरोळच्या दादांनी लिहिले ते वाचून माझे मत बदलायला लागले आहे. तरीही ‘निसर्ग’ हा एकसंध पक्ष असल्यासारखे बोलू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. मी वनस्पतींचा अभ्यास करते आणि पावसाळ्यात पश्चिमेकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट माथ्यांवर, फिरते.

शाहूवाडी, राधानगरी आणि चंदगडच्या जांभ्या कातळाखाली बॉक्साइट आहे. खाणकाम संपल्यावर खड्डे भरून त्यावर झाडे लावायची आणि पुनर्स्थापना झाल्याचे अहवालात नोंदवायचे, ही सर्वमान्य पद्धत. पण सडा मुळात वृक्षहीन असतो. पावसाळ्याचे चार महिने त्यावर सीतेची आसवे, गेंद आणि इतर शेकडो लहान वनस्पती येतात, त्यांतल्या कितीतरी फक्त पश्चिम घाटातच सापडतात, आणि जांभ्यात मुरलेले पाणी खालच्या गावांचे झरे वाहते ठेवते. तिथे वेगाने वाढणारी झाडे उभी करणे म्हणजे पुनर्स्थापना नव्हे. कंपनी प्रामाणिकपणे म्हणू शकते की आम्ही निसर्गासाठी हजारो रोपे लावली, गावकरीही हिरवे झाले म्हणून समाधानी होतात, आणि सड्याचे जे होते ते मात्र गेलेले असते.

याचा अर्थ असा की ‘पर्यावरण’ नावाचा अमूर्त हितधारक मानून भागणार नाही. हा सडा, नदीचा हा एवढा पट्टा, ही देवराई, असे नेमके ठिकाण घ्यावे लागेल, आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्याला त्या ठिकाणाचे ज्ञान असावे लागेल. राधानगरीतल्या गव्याचे हित आणि दाजीपूरच्या रानातल्या गवताचे हितसुद्धा दर वेळी एक नसते.


करवीरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शिरोळच्या सभासदांनी जे लिहिले ते माझ्या मूळ मांडणीपेक्षा अधिक पक्के प्रमाण आहे.

टाउनहॉल सरांचा आक्षेप मला दोन भागांत दिसतो. नदी करार करत नाही, हा पहिला, आणि यादीत बसवली की तीही तोलली जाईल, हा दुसरा. आधी पहिला घेतो. आपल्याकडे मूर्तीही करार करत नाही, तरीही हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, आणि ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये प्रमथनाथ मलिक खटल्यात देवतेच्या इच्छेचाही विचार व्हावा, तोही निःपक्ष प्रतिनिधी नेमून, असे म्हटले. कोल्हापूर जिल्ह्यात किती गावांच्या सातबाऱ्यावर खातेदार म्हणून ग्रामदैवताचे नाव आहे ते तलाठी कार्यालयात सहज पाहता येईल. २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देवस्थानच्या जमिनीची मालक देवता आहे, पुजारी केवळ व्यवस्थापनापुरता आहे, असे स्पष्ट केले. जे बोलू शकत नाही त्याचे हित मानायचे, त्याच्या वतीने कोणाला तरी नेमायचे, आणि नेमलेल्याने ते हित स्वतःच्या घशात घालू नये म्हणून त्याच्यावर बंधने घालायची, ही व्यवस्था आपल्याला परकी नाही. इनाम जमिनींचे पुढे काय झाले हेही आपण पाहिले आहे, म्हणून बंधनांचा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

सड्यावरच्या ताईंची सूचना इथे उपयोगी पडते. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये संपूर्ण गंगा आणि यमुना यांना कायदेशीर व्यक्ती ठरवले आणि सरकारी अधिकाऱ्यांनाच पालक नेमले, तेव्हा पुरात झालेल्या नुकसानीची भरपाई कोणाकडे मागायची आणि नदी अनेक राज्यांतून वाहते त्याचे काय, असे प्रश्न उभे राहिले, आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्याच वर्षी न्यूझीलंडने व्हांगानुई नदीसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात नदीच्या वतीने बोलणारे दोघे आहेत, एक शासनाच्या वतीने सुचवलेला आणि एक त्या नदीशी नाते सांगणाऱ्या माओरी जमातींनी सुचवलेला. व्यवसायाच्या आतले उदाहरणही आहे. साबण आणि शॅम्पू बनवणाऱ्या फेथ इन नेचर या ब्रिटिश कंपनीने २०२२ मध्ये आपली नियमावली बदलून संचालक मंडळावर निसर्गाचा प्रतिनिधी घेतला.

आपल्यासाठी मला जे सुचते ते याहून लहान आहे. प्रत्येक कारखान्याने नदीचा आपला पट्टा ठरवावा, पाणी उचलण्याच्या जागेपासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत. त्या पट्ट्याचा प्रतिनिधी कारखान्याचा सभासद, पुरवठादार किंवा पगारी माणूस नसावा. गाळप, आसवनीत अल्कोहोल बनवताना उरणारे सांडपाणी म्हणजे स्पेंटवॉश, शुद्धीकरण यंत्रणेच्या वीजमीटरची नोंद आणि पाण्याचे नमुने पाहण्याचा त्याला हक्क असावा, आणि वार्षिक अहवालात त्याचे स्वतंत्र निवेदन संचालकांनी एकही शब्द न बदलता छापावे. स्पेंटवॉश हा तपशील मुद्दाम घेतला, कारण एक लिटर अल्कोहोलमागे तो साधारण ८ ते १५ लिटर निघतो, आणि तो कुठे गेला याचा हिशेब उत्पादनाच्या आकड्यावरून कोणालाही पडताळून पाहता येतो.


टाउनहॉल

देवस्थानचा दाखला विचार करायला लावणारा आहे. माझ्या आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे तडजोडीचा, त्याने संपत नाही. प्रतिनिधी नेमला की त्याला चहाला बोलावले जाईल, त्याची सही घेतली जाईल, आणि उद्या न्यायालयात सांगितले जाईल की नदीच्या प्रतिनिधीची संमती होती. हितधारक म्हणून बसवण्यात मला हेच भय वाटते.

त्यावर एक उपाय दिसतो. या प्रतिनिधीला हरकत घेण्याचा, माहिती मागण्याचा आणि निवेदन करण्याचा अधिकार असावा, पण कोणत्याही गोष्टीला नदीच्या वतीने संमती देण्याचा अधिकार मुळीच नसावा. त्याने गप्प राहणे ही संमती धरली जाऊ नये, हेही लिहून ठेवावे. मग कायद्याने घातलेली हद्द हद्दच राहते, आणि तिच्या आत होणाऱ्या निर्णयांत नदीच्या बाजूने बोलणारा एक माणूस असतो. अशा मर्यादित अर्थाने मी ‘हो’ म्हणेन. सिद्धांतातल्या हितधारकाशी हे पूर्णपणे जुळत नाही, पण सिद्धांत नदीसाठी वाकवायला माझी हरकत नाही.


सातबारा

टाउनहॉल सरांची अट मसुद्यात पहिल्या ओळीत हवी.

कार्यपद्धतीविषयी एवढेच की पोटनियमात दुरुस्ती करायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि त्यानंतर निबंधकाकडे नोंदणी लागते, साखर कारखान्यांच्या बाबतीत ते काम साखर आयुक्तालयाकडून होते, आणि त्यात वेळ जातो. वार्षिक अहवालाला स्वतंत्र निवेदन जोडण्यासाठी मात्र पोटनियम बदलण्याची गरज मला दिसत नाही. संचालक मंडळाने मनावर घेतले तर ते येत्या सभेपासूनही करता येईल. सुरुवात तिथून करावी.


शिरोळचा सभासद

वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. तेव्हा नदी दुथडी भरून वाहत असते, पाणी गढूळ असले तरी वास नसतो, आणि सभेत सगळ्यांना फक्त दराची घाई असते. मार्चमधल्या नमुन्यांचे निवेदन सप्टेंबरमध्ये वाचले तर टाळ्या पडतील आणि विषय संपेल. त्यामुळे गाळप सुरू असेपर्यंत दर महिन्याला हे आकडे खालच्या बाजूच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि कारखान्याच्या गट कार्यालयात, ऊसबिलाच्या यादीशेजारी, लागले पाहिजेत. बिल बघायला प्रत्येक सभासद तिथे येतोच. बरगे कोणत्या तारखेला काढणार हेही त्याच कागदावर असावे, म्हणजे पाणी उपसायचे की थांबायचे ते आम्हाला आधी कळेल.

आमच्या गटातल्या सभासदांच्या सह्या घेण्याचे काम मी करतो. मसुदा कोणीतरी सोप्या भाषेत लिहून इथे टाकावा.